कॉम्प्युटर सुरू झाला की रोज तोच इन्स्टॉलर उघडतो? आधी त्याला उठवणारा शोधा

विंडोज सुरू होतं आणि डेस्कटॉप नीट दिसायच्या आतच 'प्लीज वेट व्हाइल विंडोज कॉन्फिगर्स' असं लिहिलेली छोटी खिडकी उघडते. कुणाच्या मशीनवर त्याऐवजी स्क्रीन काळवंडते आणि परवानगी मागणारी यूएसीची चौकट येते, तर कुणाकडे थेट 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'वाला विझार्ड. कॅन्सल केलं की जातो, मशीन पुन्हा सुरू केलं की हजर. वर गंमत म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा हा इन्स्टॉलर असतो ते आधीच बसवलेलं असतं आणि चालतही असतं, नाहीतर कधीच काढून टाकलेलं असतं.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला एकच: टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप ॲप्सच्या यादीत जा, डिसेबल करा. करून बघायला हरकत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पण हा त्रास ज्यांची पाठ सोडत नाही त्यांच्या यादीत बहुधा ते नावच नसतं. इन्स्टॉलर स्वतःहून क्वचितच उठतो, त्याला दुसरं कुणीतरी उठवतं. तो उठवणारा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) असेल, ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये असेल, एखाद्या शॉर्टकटच्या पोटात असेल किंवा यूएसबी पोर्टला लटकलेला असेल. त्याला न शोधता खिडकीशी भांडत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खाली फाइलींची आणि रजिस्ट्रीतल्या कप्प्यांची नावं देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची. पायऱ्या विंडोज १० आणि ११ दोन्हींवर चालतात, मेनूची जागा थोडी इकडेतिकडे होईल इतकंच.

खिडकी उघडी असतानाच तिची ओळख पटवा

पहिली प्रतिक्रिया कॅन्सल दाबायची असते. एक दिवस दाबू नका. खिडकी बंद झाली की पुरावा गेला.

यूएसीची चौकट असेल तर तिच्यातलं 'शो मोर डिटेल्स' उघडा. तिथे प्रोग्रामचा पूर्ण पत्ता दिसतो. नाव काहीही असू शकतं, पत्ता जास्त बोलतो. प्रोग्राम फाइल्समधला पत्ता असेल तर बसवलेल्याच सॉफ्टवेअरचा अपडेटर असण्याची शक्यता मोठी. ॲपडेटा (यूजरचं लपवलेलं फोल्डर) किंवा टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) यांतला असेल आणि पब्लिशरच्या जागी 'अननोन' असेल तर कान टवकारा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

साधी खिडकी असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स यादीत जा, वरच्या रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून 'कमांड लाइन' हा रकाना सुरू करा. आता प्रत्येक प्रोसेस नक्की कुठल्या फाइलीतून आणि कुठल्या हुकमाने सुरू झाली ते दिसेल.

याहून सोयीचं साधन म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातला प्रोसेस एक्स्प्लोरर. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी सुरू केलेला हा संच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला आणि आजही तो फुकट मिळतो. प्रोसेस एक्स्प्लोररच्या टूलबारवर नेम धरल्यासारखं एक गोल चिन्ह आहे. ते माउसने ओढून त्या आगंतुक खिडकीवर सोडा; खिडकी कुठल्या प्रोसेसची आहे ते यादीत उजळून दिसेल. त्या प्रोसेसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पेरेंट' ही ओळ असते, म्हणजे हिला कुणी जन्म दिला, आणि तिथेच 'ऑटोस्टार्ट लोकेशन' अशीही ओळ असते. ती भरलेली सापडली तर निम्म्याहून जास्त काम तिथेच संपलं.

प्रोसेसचं नाव एमएसआयएक्झेक निघालं तर प्रकरण वेगळं आहे. तो विंडोजचा स्वतःचा इन्स्टॉलर. त्याच्यासाठी खालचा 'दुरुस्तीच्या नावाखाली' हा भाग वाचा, मधलं सोडलं तरी चालेल.

सोपे दरवाजे

स्टार्टअप फोल्डर दोन असतात, एक तुमचा आणि एक सगळ्या यूजर्सचा. रनच्या चौकटीत (विंडोज + आर) 'शेल:स्टार्टअप' आणि 'शेल:कॉमन स्टार्टअप' टाइप करून दोन्ही बघा. नको तो शॉर्टकट दिसला की उचलून बाहेर ठेवा.

त्यानंतर रजिस्ट्रीतला 'रन' हा कप्पा. तो एचकेसीयू (तुमच्या अकाउंटपुरतं) आणि एचकेएलएम (सगळ्या मशीनसाठी) या दोन्ही मुळांखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन या वाटेने सापडतो. ३२ बिटांच्या प्रोग्रामांच्या नोंदी वाव६४३२नोड नावाच्या फांदीखाली वेगळ्या असतात, आणि बरेच जण तिथे बघायचं विसरतात. टास्क मॅनेजरमध्ये डिसेबल केल्याने ही नोंद पुसली जात नाही, 'स्टार्टअपअप्रूव्हड' नावाच्या दुसऱ्या कप्प्यात फक्त बंदची खूण होते. अपडेटरने नोंद नव्या नावाने लिहिली की ती जुनी खूण तिला लागू होत नाही, आणि 'डिसेबल केलं तरी येतो' ही तक्रार सुरू होते.

स्टार्टअपच्या यादीत कधीकधी नुसतं 'प्रोग्राम' असं बिनआयकॉनचं नाव दिसतं. व्हायरस समजून लोक घाबरतात. बहुतेक वेळा ती काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची मागे राहिलेली नोंद असते: पत्त्याला अवतरणचिन्हं नसल्यामुळे 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या मोकळ्या जागेपाशी तो तुटतो आणि पहिला शब्द तेवढा नाव म्हणून उरतो. डिसेबल करा आणि पुढे चला.

एकदाच चालायचं ते रोज का चालतं

'रन'च्या शेजारीच 'रनवन्स' कप्पा असतो. अर्धवट काम टाकून रीस्टार्ट मागणारे इन्स्टॉलर उरलेलं काम पुढे चालू ठेवण्यासाठी इथे नोंद करतात. नियम असा की विंडोज ही नोंद आधी पुसतं आणि मग हुकूम चालवतं. म्हणजे रोज येणारी गोष्ट इथे सापडली तर बहुधा दोन शक्यता. एक, नोंदीच्या नावाआधी उद्गारचिन्ह आहे. तसं असेल तर विंडोज हुकूम पार पडल्यावरच नोंद पुसतं, आणि तो नीट चाललाच नाही तर पुढच्या वेळी पुन्हा येतो. दोन, इन्स्टॉलर उठतो, कशाला तरी अडखळतो, 'रीस्टार्ट केल्यावर पुन्हा बघू' म्हणत स्वतःची नोंद पुन्हा लिहितो आणि हे चक्र चालत राहतं.

दुसऱ्या प्रकारात नोंद पुसून तात्पुरती सुटका होते, पण ते सॉफ्टवेअर हवं असेल तर अडखळण्याचं कारण काढावं लागतं. नेहमीचं कारण म्हणजे ज्या फोल्डरमधून सेटअप चालवला तोच उडाला आहे: झिप न सोडवता आतूनच डबल क्लिक केलं होतं, किंवा पेनड्राइव्हवरून चालवून पेनड्राइव्ह काढून घेतला. सेटअप डिस्कवर कॉपी करून, राइट क्लिकने 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून एकदा शेवटपर्यंत जाऊ द्या.

एक खास प्रकार कॉम्प्युटर क्लासेसमध्ये आणि एमएस-सीआयटी केंद्रांच्या लॅबमध्ये भेटतो. तिथल्या मशीनवर रीस्टार्ट केलं की डिस्क जुन्या स्थितीला नेणारं सॉफ्टवेअर असतं. कुणीतरी संरक्षण उघडलं, एक प्रोग्राम बसवला, त्याने रीस्टार्ट मागितला, आणि त्या आधीच संरक्षण पुन्हा लावलं. झालं, रनवन्सची नोंद गोठली. विंडोज रोज ती इमानदारीत पुसतं आणि गोठवणारं सॉफ्टवेअर रोज तितक्याच इमानदारीत परत आणतं. इथे रजिस्ट्री साफ करून काही होत नाही. संरक्षण उघडायचं, मशीन सुरू करायचं, इन्स्टॉलेशन पूर्ण होऊ द्यायचं किंवा नोंद काढायची, आणखी एकदा रीस्टार्ट करून काही येत नाही हे बघायचं, मगच पुन्हा गोठवायचं.

दुरुस्तीच्या नावाखाली

'विंडोज कॉन्फिगर्स' किंवा 'प्रिपेअरिंग टु इन्स्टॉल' अशी खिडकी दिसते तेव्हा काहीही नव्याने बसवलं जात नसतं. विंडोज इन्स्टॉलर आधीच बसलेल्या सॉफ्टवेअरची आपणहून दुरुस्ती करत असतो. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे, आणि ती फसते तेव्हा फार छळते.

एमएसआय पद्धतीने, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरमार्फत, बसवलेल्या सॉफ्टवेअरचे छोटे छोटे घटक असतात आणि प्रत्येक घटकाची एक खुणेची वस्तू ठरलेली असते. ती फाइल असेल, फोल्डर असेल किंवा रजिस्ट्रीतली नोंद. तुम्ही विशिष्ट प्रकारच्या शॉर्टकटवरून प्रोग्राम उघडला, किंवा विंडोजने त्या सॉफ्टवेअरचा एखादा भाग मागितला, की इन्स्टॉलर खुणेच्या वस्तू जागेवर आहेत का ते तपासतो. एकही गायब दिसली की दुरुस्ती सुरू. असा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये असेल किंवा तो भाग डेस्कटॉपच्या राइट क्लिक मेनूत घुसलेला असेल, तर तपासणी दर वेळी लॉगिनलाच होते.

दुरुस्ती एकदा होऊन थांबली तर तक्रार नाही. घरात दुसऱ्या कुणाच्या नावाचं अकाउंट उघडलं की त्या अकाउंटमध्ये पहिल्या लॉगिनला ती होणं साहजिक आहे, कारण काही खुणा प्रत्येक यूजरच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत असतात. रोज होत असेल तर मात्र कुणीतरी ती वस्तू रोज काढून नेतंय. संशयित ठरलेले आहेत. 'पीसी क्लीनर' प्रकारातली हत्यारं रिकामी फोल्डरं आणि तथाकथित जुन्या नोंदी उडवतात, आणि नेमकं एखादं रिकामं फोल्डरच खूण असतं. अँटिव्हायरस फाइल क्वारंटाइनमध्ये टाकतो. किंवा दोन सॉफ्टवेअरं एकाच रजिस्ट्री नोंदीवर हक्क सांगतात: एकाने दुरुस्त केलं की दुसऱ्याचं बिघडतं.

इथे अंदाज बांधायची गरज नाही, विंडोज नाव लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारं साधन) उघडा, विंडोज लॉग्जमधलं ॲप्लिकेशन निवडा आणि 'एमएसआयइन्स्टॉलर' या सोर्सने गाळणी लावा. खिडकी ज्या वेळेला आली त्या वेळच्या १००१ आणि १००४ या क्रमांकांच्या पिवळ्या नोंदी वाचा. कुठल्या प्रॉडक्टचा कुठला घटक सापडला नाही हे त्यांत असतं, आणि १००४ मध्ये हरवलेल्या वस्तूचा पत्ताही असतो. प्रॉडक्ट महिरपी कंसातल्या लांबलचक कोडने लिहिलेलं असतं. रजिस्ट्रीत 'अनइन्स्टॉल' कप्प्याखाली तोच कोड शोधला की माणसाला कळणारं नाव मिळतं.

इलाज त्या पत्त्यावरून ठरतो. रिकामं फोल्डर हरवलं असेल तर त्याच नावाचं फोल्डर हाताने तयार करा आणि क्लीनरला त्या जागेपासून लांब ठेवा. माझं मत विचाराल तर क्लीनरच काढून टाका. फाइल हरवली असेल तर कंट्रोल पॅनेलच्या प्रोग्राम्स अँड फीचर्समधून 'रिपेअर' चालवा. मूळ सेटअप मागितला तर अगदी त्याच आवृत्तीचा द्यावा लागतो, नवी आवृत्ती पुढे केली तर तो घेत नाही. सॉफ्टवेअर नकोच असेल तर रीतसर अनइन्स्टॉल करा. अनइन्स्टॉलही अडकलं तर मायक्रोसॉफ्टचा 'प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर' चालवा. जुन्या लेखांमध्ये सुचवलेली 'विंडोज इन्स्टॉलर क्लीन अप' युटिलिटी मात्र वापरू नका. दुसऱ्या सॉफ्टवेअरचे भाग बिघडवते म्हणून मायक्रोसॉफ्टनेच ती २०१० मध्ये मागे घेतली, तरी इकडच्यातिकडच्या साइटवर अजून मिळते.

दुरुस्ती टाळून फक्त खिडकी थांबवायची असेल तर शॉर्टकट बदलणं पुरतं. स्टार्टअपमधल्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट'ची जागा करडी असेल आणि तिथे पत्त्याऐवजी नुसतं सॉफ्टवेअरचं नाव असेल, तर तोच तपासणी करायला लावणारा शॉर्टकट. तो काढा आणि मूळ ईएक्सई फाइलीवर राइट क्लिक करून नवा साधा शॉर्टकट बनवा.

ऑफिसच्या मशीनवर आणखी एक प्रकार घडतो. लॉगमध्ये एकाच वेळी बसवलेल्या यच्चयावत सॉफ्टवेअरच्या १०३५ क्रमांकाच्या नोंदी ओळीने दिसल्या, तर कुठली तरी लॉगिन स्क्रिप्ट 'विन३२_प्रॉडक्ट' वापरून सॉफ्टवेअरची यादी मागते आहे. हा प्रश्न विचारला की विंडोज यादी देता देता प्रत्येक एमएसआय तपासत सुटतं. तुमच्या हातात काही नाही, सिस्टम ॲडमिनला लॉगचा फोटो पाठवा.

टास्क शेड्युलर, सर्व्हिस आणि ऑटोरन्स

टास्क मॅनेजरची यादी शेड्युल केलेली कामं दाखवत नाही. टास्क शेड्युलर उघडून लायब्ररीच्या मुळाशी असलेली कामं बघा. ट्रिगरच्या रकान्यात 'ॲट लॉग ऑन' किंवा 'ॲट सिस्टम स्टार्टअप' असलेली तेवढी महत्त्वाची. पुसू नका, डिसेबल करा. काही अपडेटर आपलं काम पुसलेलं दिसलं की नवं लिहितात.

हे सगळे दरवाजे एकत्र दाखवणारं साधन म्हणजे सिसइंटर्नल्सचंच ऑटोरन्स. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे यादी आवाक्यात येते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. गुलाबी म्हणजे पब्लिशरची खात्रीलायक माहिती नाही. गुलाबी दिसलं की व्हायरसच, असं नाही. छोट्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर किंवा जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरंही बिनसहीची असतात. समोरची टिक काढली की नोंद बंद होते आणि टिक परत लावली की येते, त्यामुळे एका वेळी एकच टिक काढून रीस्टार्ट करा. काहीच सापडलं नाही तर लपवलेल्या नोंदी परत आणून वरच्या शोधाच्या चौकटीत एमएसआयएक्झेक टाका. विंडोजच्याच फाइलीमार्फत चालवलेला हुकूम असा उघडा पडू शकतो.

यूएसबीला लटकलेला इन्स्टॉलर

सीए, वकील, टेंडर भरणारे कंत्राटदार यांच्याकडे डिजिटल सहीचं टोकन दिवसरात्र मशीनला लावलेलं असतं. यातली काही टोकनं, आणि जुनी इंटरनेटची डाँगल्सही, स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात आणि त्या खोट्या सीडीत ड्रायव्हरचा सेटअप भरलेला असतो. विंडोज ७ पासून साध्या पेनड्राइव्हवरचं ऑटोरन (लावल्याबरोबर आपोआप चालणं) बंद आहे, पण सीडीला ती बंदी लागू नाही. मशीन सुरू झालं, 'सीडी' दिसली, सेटअप हजर.

ओळखायला एक रीस्टार्ट टोकन काढून करा. खिडकी आली नाही तर चोर सापडला. कंट्रोल पॅनेलमधल्या ऑटोप्लेमध्ये 'सॉफ्टवेअर'समोर 'टेक नो ॲक्शन' निवडा. टोकनचा ड्रायव्हर काढू नका, नाहीतर जीएसटीच्या शेवटच्या तारखेला सही होणार नाही आणि शिव्या मला बसतील.

प्रत्येक यूजरसाठी वेगळा बसणारा

काही सॉफ्टवेअरं मशीनवर एक पुडकं ठेवतात आणि जो लॉगिन करेल त्याच्या अकाउंटमध्ये त्यातून प्रत बसवतात. मायक्रोसॉफ्ट टीम्सची जुनी आवृत्ती याचं ठळक उदाहरण. प्रोग्रामांच्या यादीत टीम्सशिवाय 'टीम्स मशीन-वाइड इन्स्टॉलर' अशी वेगळी ओळ असते, आणि ती राहिली तर नव्या अकाउंटमध्ये टीम्स पुन्हा बसतं. अशा वेळी दोन्ही ओळी अनइन्स्टॉल कराव्या लागतात. यादी उघडलीच आहे तर नावात 'इन्स्टॉलर', 'अपडेटर' किंवा 'हेल्पर' असलेल्या बाकीच्या ओळींवरही नजर टाका.

जे करू नये

विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस बंद करू नका. खिडकी थांबेल, पण दुसरी सॉफ्टवेअरं बसणं, निघणं आणि अपडेट होणंही थांबेल. विंडोज फोल्डरमधलं लपवलेलं 'इन्स्टॉलर' फोल्डर काही जीबींचं दिसतं म्हणून रिकामं करू नका. दुरुस्ती आणि अनइन्स्टॉल दोन्ही तिथल्याच फाइलींवर चालतात. आणि यूएसीचा स्लायडर तळाला नेऊ नका. त्याने इन्स्टॉलर थांबत नाही, फक्त तुम्हाला न विचारता चालू लागतो.

पत्ता ॲपडेटा किंवा टेम्पमधला, फाइलीचं नाव अक्षरांची खिचडी, पब्लिशर अज्ञात, आणि ब्राउझरचं होमपेजही आपोआप बदललेलं, असं एकत्र आलं तर हाताने नोंदी उपटत बसू नका. विंडोज सिक्युरिटीत रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनखाली 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' सुरू करा आणि मग विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, म्हणजे डिफेंडरचा, ऑफलाइन स्कॅन चालवा. तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेल्याला जागं व्हायची संधी मिळत नाही. उघडी कामं आधी सेव्ह करा.

खात्री कशी करायची

शट डाउन करून पुन्हा सुरू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही. तपासणीसाठी 'रीस्टार्ट'च वापरा आणि घरात जितकी अकाउंटं आहेत तितक्यांत लॉगिन करून बघा. सगळं शांत असताना ऑटोरन्समधून यादी सेव्ह करून ठेवा. काही आठवड्यांनी पाहुणा परत आलाच तर त्याच सेव्ह केलेल्या फाइलीशी 'कम्पेअर' करा. मधल्या काळात आलेल्या नव्या नोंदी हिरव्या दिसतात, आणि त्यांच्या आसपास कुठलं सॉफ्टवेअर बसवलं होतं ते आठवलं की शोध तिथूनच सुरू करता येतो.